जांभळाचा सिरका: कृती ब्लूबेरी वाईनची, ऊन नागपूरचं

माझी आतेबहीण मिशिगनला राहते आणि दरवर्षी ब्लूबेरीची वाईन लावते. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये मळ्यात जाऊन आपल्या हाताने फळं तोडायची, वजन करून पैसे द्यायचे आणि बादली भरून घरी आणायची अशी पद्धत आहे. निम्मी फळं फ्रीजरमध्ये जातात, निम्मी वाईनला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, म्हणजे साडेसातशे लिटर वाईन घरच्यापुरती करायला मुभा आहे. फक्त विकायची नाही. तिने मला सगळी कृती सविस्तर लिहून पाठवली आणि खाली लिहिलं, "करून पाहा गं, सोपं आहे."

सोपं तिच्याकडे. नागपुरात ब्लूबेरी मिळते, नाही असं नाही. पण मोठ्या दुकानातली ती छोटी प्लास्टिकची डबी उचलायची, किंमत वाचायची आणि परत जागेवर ठेवायची, इतकाच आमचा तिचा संबंध. दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं हा गुन्हा आहे. फळाची असो, फुलाची असो. माझं माहेर वर्ध्याचं, आख्खा जिल्हाच दारूबंदीचा. "घरी वाईन लावतेय" हे वाक्य आईला फोनवर कसं सांगायचं, याचा विचारसुद्धा मी केला नाही.

पण कृती वाचताना एक गोष्ट मनात बसली. बहिणीने जागोजागी एकाच गोष्टीची भीती घातली होती: हवा लागू देऊ नको, नाहीतर व्हिनेगर होईल. बरणीला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी लाव, व्हिनेगर होईल. चिलटं बसू देऊ नको, व्हिनेगर होईल. काठोकाठ भर, व्हिनेगर होईल. वाचता वाचता वाटलं, मग होऊ दे की! व्हिनेगर म्हणजे सिरकाच, आणि तो आपल्याकडे खातातच. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या जबलपूरकडच्या, त्यांच्या माहेरी जांभळाचा सिरका बरणीत भरून उन्हात ठेवत. जून लागला होता, जांभळं यायला लागली होती. तेव्हा फळ आपलं घ्यायचं, बहिणीची कृती अर्ध्यापर्यंत पाळायची आणि तिथून पुढे तिने जे जे करू नको म्हटलं ते सगळं करायचं, असं ठरलं.

जांभळं गोकुळपेठ मार्केटमधून घेतली. हातगाडीवर पळसाच्या पानांवर दोन ढीग होते, एक मोठ्या रायजांभळांचा, एक बारक्या जांभळांचा. मी बारक्यांकडे हात केला तसा गाडीवाला म्हणाला, "ताई, ते कायले घेता? हे मोठे घ्या ना, गोड हाये." खायला घ्यायची असती तर मोठीच घेतली असती. पण बारक्या जांभळात गराच्या मानाने साल जास्त, आणि रंग, तुरटपणा, वास हे सगळं सालीत असतं. बहिणीला ब्लूबेरीच्या रसात अंगचा तुरटपणा कमी वाटतो म्हणून ती वरून टॅनिनची पूड घालते, नाहीतर कोऱ्या चहाचा कडक काढा. जांभळाला हे सांगायची गरज नाही. मी बारकी तीन किलो आणि मोठी एक किलो घेतली. गाडीवाल्याला माझी कीव आलेली दिसली, त्याने मूठभर मोठी वरून टाकली.

ब्लूबेरीच्या कृतीतली एक युक्ती मात्र जशीच्या तशी उचलली. फळं धुऊन, निथळून आधी फ्रीजरमध्ये ठेवायची. आतल्या पाण्याचा बर्फ होताना पेशी फुटतात, मग फळ वितळलं की साल आपसूक रस सोडते, ठेचायचे कष्ट पडत नाहीत. जांभळाला याचा दुहेरी फायदा होतो, कारण जांभूळ मिक्सरमध्ये फिरवणं म्हणजे बी फुटणं, आणि बी फुटली की कडूपणा कशानेही जात नाही. गोठवून वितळवलेली जांभळं मी स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करली, गर आणि साल ठेवली, बिया वेचून टाकल्या. हाताला आठवडाभर वांग्यासारखा रंग होता. पातेल्याखालची फरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसली तर डाग निळसर-हिरवा झाला. जांभळाचा रंग आंबटात लाल आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता साखर. वाईनमध्ये बहिणीला बारा टक्के अल्कोहोल हवं असतं, म्हणून ती रसाची घनता हायड्रोमीटरवर, म्हणजे रसात तरंगवून घनता मोजायच्या काचेच्या नळीवर, १.०९० पर्यंत नेते. सिरक्याला एवढं नको. अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू फार कडक अल्कोहोलमध्ये कामच सुरू करत नाहीत. सहा-सात टक्के त्यांना मानवतं, आणि हिशेबही सोपा: ढोबळमानाने एक टक्का अल्कोहोलमागे जास्तीत जास्त एक टक्का आम्ल. प्रत्यक्षात थोडं उडून जातं, तेव्हा सात टक्क्यांतून पाच-साडेपाच मिळालं तरी उत्तम. एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असेल तर त्यातून एक टक्का अल्कोहोल होतं. माझ्या गरात चार लिटर उकळून गार केलेलं पाणी घातलं. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, त्यातलं क्लोरीन या जिवाणूंना सोसत नाही. जांभळाची स्वतःची साखर धरून वरून साडेचारशे ग्रॅम पुरेल असा अंदाज होता.

इथे नागपूर आडवं आलं. हायड्रोमीटरची काचेची नळी बहुतेक वेळा २० अंश सेल्सियसला बेतलेली असते. माझ्या स्वयंपाकघरात दुपारी रस होता ३५ अंशाला. गरम द्रव विरळ असतो, नळी जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. ३५ अंशाला हा फरक ०.००४ च्या आसपास येतो, म्हणजे १.०४८ दिसलं तर ते १.०५२ समजायचं. थंड देशातल्या कृतीत ही गोष्ट तळटीपेतसुद्धा नसते. आपल्याकडे ती न पाहता साखर घातली तर दर वेळी जास्तच पडणार.

वाईनवाले इथे कॅम्पडेनची गोळी घालतात. ती म्हणजे मेटाबायसल्फाइट. त्याने रानटी जंतू दबतात, दिवसभराने मग यीस्ट घालायचं. सिरका करायचा असेल तर ही गोळी विसरा. पुढे ज्या जिवाणूंना आमंत्रण द्यायचं त्यांनाही सल्फाइट मारतं. त्याऐवजी स्वच्छता ठेवायची आणि यीस्ट सढळ हाताने घालायचं, म्हणजे बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. बहीण ब्लूबेरीसाठी खास वाईनचं यीस्ट आणते आणि त्याला पोषण म्हणून वेगळी पूडही देते, कारण ब्लूबेरीचा रस रडतरखडत फसफसतो असा तिचा अनुभव आहे. मी साधं बेकरीचं कोरडं यीस्ट वापरलं. सात टक्क्यांपर्यंत ते सहज जातं. पाकिटावर लिहिलेलं असतं, "कोमट पाण्यात भिजवा." जूनमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कोमटाच्या पुढेच असतं, तेव्हा उकळलेलं पाणी गार व्हायचीच वाट पाहावी लागली.

आणि मग खरा प्रश्न आला, उष्म्याचा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला होता, पण पाऊस नव्हता आणि पारा बेचाळिसावर. यीस्टला १८ ते २८ अंश आवडतात. तिशीच्या पुढे ते भराभर काम करतं खरं, पण त्यात उग्र, घशाला लागणारी अल्कोहोल तयार होतात, कधी सडक्या अंड्याचा वास येतो, आणि फार तापलं तर यीस्ट दमून मधेच थांबतं. शिवाय फसफसताना रस स्वतः उष्णता सोडतो, खोलीपेक्षा तीन-चार अंश वरच असतो. एसी एका बरणीसाठी दिवसरात्र चालवायचा हे कुणालाही पटणारं नव्हतं. पण कूलर तर सुरूच होता! बरणी एका घमेल्यात ठेवली, घमेल्यात पाणी, बरणीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, त्याचं टोक पाण्यात सोडलं आणि सगळं कूलरच्या तोंडासमोर. कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती इतकी चोख चालते की बरणीतला रस सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेला नाही. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं आणि भांडं तितकं थंड. कूलरवर जगणाऱ्या शहराला हे शिकवायला नको. बहिणीला फोटो पाठवला तर तिला वाटलं बरणी आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साली वर आल्या होत्या आणि खालून बुडबुडे ढकलत होते. वर तरंगणारा चोथा दिवसातून दोनदा लाकडी कलथ्याने खाली दाबायचा, नाहीतर तो वरून सुकतो आणि बुरशी धरतो. तोंडाला मलमलचं कापड, रबराने घट्ट बांधलेलं. झाकण घट्ट लावायचं नाही. आत कार्बन डायऑक्साइड होत असतो, त्याला वाट लागते. बंद काचेची बरणी फुटू शकते, यात अतिशयोक्ती नाही.

वास मात्र लपत नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी देवघरातून हाक मारली, "काय करून राहिली गं तू? हा वास कायचा?" मी म्हटलं, सिरका. "सिरका असा नाही वासत." त्यांचं बरोबर होतं, तेव्हा तो सिरका नव्हताच. मधल्या टप्प्यावर तो जांभळाचा आंबलेला रस असतो, त्यात अल्कोहोल असतं, ही गोष्ट झाकून उपयोग नाही. म्हणून मी तो टप्पा जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवला. बुडबुडे मंदावले, हायड्रोमीटर १.००० च्या खाली उतरू लागला, की लगेच चोथा पिळून गाळला आणि त्याच संध्याकाळी त्यात जिवंत सिरका ओतला. बाजारात सफरचंदाचा न गाळलेला, 'मदर'सह, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या पापुद्र्यासह, म्हणून सिरका मिळतो तो. रसाच्या पाचव्या हिश्शाइतका घातला. तो घातल्यावर रस इतका आंबट होतो की कुणी पिऊ म्हणणार नाही, रानटी जंतूंनाही तो आंबटपणा सोसत नाही, आणि हवे ते जिवाणू विरजणासारखे आयते मिळतात. बाटली नीट पाहून घ्या. पाश्चराइज केलेला, काचेसारखा नितळ सिरका इथे कामाचा नाही, त्यात जिवंत काही नसतं. आणि पांढरं सिंथेटिक व्हिनेगर तर नुसतं पाणी घातलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड.

सिरका बाहेर ठेवलेल्या वाईनमधून आपोआप "बिघडून" होतो असं लोक शतकानुशतकं धरून चालले होते. ते जिवंत जंतूंचं काम आहे आणि त्यांना हवा लागते, हे लुई पाश्चरने १८६०च्या दशकात दाखवून दिलं. या जिवाणूंचं सगळं चालतं ते पृष्ठभागावर, जिथे द्रव आणि हवा भेटतात तिथे. म्हणून उंच अरुंद बाटली नको, पसरट तोंडाची बरणी हवी आणि तीही पाऊण रिकामी नाही पण निम्मी-अर्धी भरलेली. मी घरातली लोणच्याची चिनीमातीची मोठी बरणी काढली. आतला लेप तडकलेला, पोपडे निघालेला असेल तर असली बरणी वापरू नये, आम्ल लेपातलं नको ते ओढून घेतं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांची भांडी तर या कामात जवळही आणायची नाहीत.

आणि मग पाऊस आला. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण आता दर वर्षी ठरवून करणार आहे. मृगाच्या आगेमागे जांभळं येतात, तेव्हा हवा कोरडी असते आणि कूलरने यीस्टचा टप्पा थंड ठेवता येतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागतो, हवा दमट होते, कूलर निकामी होतो. पण तोवर यीस्टचं काम आटोपलेलं असतं आणि आता पाहिजे ते नेमके तीसच्या आसपासचे अंश, जे जुलैत आमच्या स्वयंपाकघरात फुकट मिळतात. आतेबहिणीला सिरका करायचा झाला तर ती बरणी हीटरच्या शेजारी ठेवते. तिच्याकडे वाईनला हवामान साथ देतं, आपल्याकडे सिरक्याला. नागपुरात थंड तळघराची वाईन करायला निघणं म्हणजे हवामानाशी भांडण. सिरक्यात तेच हवामान पगारी गड्यासारखं राबतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आठवड्याभरात पृष्ठभागावर एक पातळ, रेशमी, आरपार दिसणारा पापुद्रा आला. हीच ती 'मदर'. सेल्युलोजची जाळी असते, जिवाणू ती स्वतःच विणतात. ती हलवायची नाही, बुडवायची नाही, बरणी सारखी उचलून दाखवायचीही नाही. पापुद्रा पांढरा, सुरकुतलेला, पावडर पसरल्यासारखा असेल तर ते दुसऱ्या जातीचं यीस्ट. घातक नाही, पण वास बिघडवतं, अलगद काढून टाकावं. लोकरीसारखी निळी-हिरवी-काळी बुरशी आली तर मात्र चव घेत बसू नका, सगळं फेकून द्या.

मधे एकदा बरणीतून नेलपॉलिश रिमूव्हरचा वास यायला लागला. बहीण म्हणाली फेक, वाईनवाल्यांच्या दृष्टीने तो खेळ खलास. मी नाही फेकला. अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही एकाच वेळी हजर असताना त्यांच्यातून एथिल अ‍ॅसिटेट होतं, त्याचा तो वास. अल्कोहोल संपत आलं की तोही विरतो. तसंच झालं, श्रावण लागेपर्यंत नुसता आंबट, फळाचा वास उरला. चिलटांची मात्र त्या दिवसांत जत्रा होती. कापडाची वीण बारीक हवी, साध्या पंच्यातून ती आत जातात.

झाला की नाही हे जिभेवर सोडू नये, आणि पीएचच्या कागदी पट्ट्यांवरही नाही. पट्टी किती तीव्र ते सांगते, आम्ल एकूण किती टक्के ते सांगत नाही. आपल्या अन्न नियमांप्रमाणे आंबवून केलेल्या सिरक्यात किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लागतं. माझा एक मावसभाऊ रसायनशास्त्र शिकवतो, त्याने एक छान सोय सांगितली. सिरका बरोबर ६ मिलिलिटर घ्यायचा आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने तो उदासीन करायचा. जितके मिलिलिटर सोडा लागला त्याला दहाने भागलं की झाले टक्के. अडचण एवढीच की आम्ल संपल्याची खूण म्हणून नेहमी वापरतात त्या फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जांभळ्या रसात दिसणार कसा? त्याने नमुन्यात भरपूर डिस्टिल्ड पाणी घातलं, आणि आधी लालसर असलेला रस करडा होत निळा-हिरवा व्हायला लागला तिथे हात आखडला, मग पीएच मीटरने खात्री केली. फरशीवरचा डाग इथे कामाला आला. त्रेचाळीस मिलिलिटर लागले, म्हणजे ४.३ टक्के. कोशिंबिरीला, कांद्याला उत्तम. वर्षभर टिकवायच्या लोणच्याला पाच तरी हवेत, तिथे मी हा वापरणार नाही.

अल्कोहोल संपलं की जास्त वाट पाहायची नाही. खायला काही उरलं नाही की हे जिवाणू आपण केलेलं आम्लच खायला लागतात आणि सिरका पुन्हा पाण्याकडे जातो. मलमलमधून गाळला, थोडा मदरसकट बाजूला काढला पुढच्या वेळेसाठी, बाकीचा ६५ अंशापर्यंत तापवून काही मिनिटं ठेवला, गार करून बाटल्यांत काठोकाठ भरला, बूच घट्ट. आता हवा नको. बहिणीचं म्हणणं इथे येऊन लागू पडलं.

बातमी पसरली तशी एकेका नातेवाइकाची बाटली यायला लागली. सगळ्यांना तो मधुमेहासाठी हवा. जांभळाचं आणि साखरेचं नातं आपल्या डोक्यात पक्कं आहे. मी प्रत्येकाला तेच सांगते: जेवणात घ्या, चवीला घ्या, नुसता पिऊ नका, दातांचं आवरण जातं आणि घसा सोलवटतो, आणि गोळ्या बंद करायला माझ्या बरणीचं नाव डॉक्टरांना सांगू नका. एक मामा रुसले, म्हणाले, "मग करून कायले राहिली एवढं?"

कांद्यासाठी. उभा चिरलेला कांदा, चिमूटभर मीठ, दोन चमचे सिरका, अर्धा तास. कांदा गुलाबी होतो आणि सावजी रश्श्याच्या तिखटाला तो जसा उतारा देतो तसा लिंबू देत नाही. मिशिगनला या वेळेपर्यंत बहिणीची ब्लूबेरी दुसऱ्यांदा गाळावरून काढून काचेच्या बरणीत बसली होती, अजून वर्षभर ती चाखणार नव्हती. आमची पहिली बाटली गणपतीपर्यंत संपलीसुद्धा. सासूबाईंनी कांदा खाल्ला, वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "बरा झाला. पुढच्या वेळी गूळ घाल त्याच्यात थोडा."